बसऱ्याला गेलेल्या पलटणीचा माग: इम्पीरियल वॉर म्युझियमचे संकेतस्थळ कसे पाहावे

सातारा, रत्नागिरी, पुणे, रायगड या जिल्ह्यांत अशी कितीतरी घरे आहेत जिथे पणजोबांविषयी एकच वाक्य उरलेले असते: "ते बसऱ्याला लढाईत होते." कुणाकडे ट्रंकेच्या तळाशी एखादे पदक असते, कुणाच्या गावच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते आणि तिच्यावर या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती माणसे गेली व किती कामी आली, एवढे दोन आकडे कोरलेले असतात. पाटीवर नावे नसतात. त्या एका वाक्याच्या आणि दोन आकड्यांच्या पुढे जाण्याचा रस्ता आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संकेतस्थळावरून जातो आणि तो घरी बसून चालता येतो. तो कसा चालावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बहुतेक जण संकेतस्थळ उघडून शोधाच्या चौकटीत पणजोबांचे नाव घालतात, काही सापडत नाही म्हणून निराश होतात आणि खिडकी बंद करतात. भारतीय शिपायाचे नाव या नोंदींमध्ये फार क्वचित आहे. त्याची पलटण मात्र जागोजागी आहे. म्हणून शोध पलटणीचा घ्यावा, आणि तो घेताना आज आपण लिहितो ते शब्द बाजूला ठेवून त्या काळच्या कारकुनाने लिहिलेले शब्द वापरावेत.

हे संग्रहालय काय आहे

५ मार्च १९१७ रोजी, म्हणजे पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश युद्ध-मंत्रिमंडळाने राष्ट्रीय युद्ध-संग्रहालय स्थापन करण्यास मंजुरी दिली. त्या युद्धात भारत आणि वसाहतींचे सैन्य इतक्या मोठ्या प्रमाणावर उतरले होते, की भारत व वसाहतींचे काम पाहणाऱ्या समितीच्या ठरावानंतर संग्रहालयाच्या नावातील 'राष्ट्रीय' जाऊन 'इम्पीरियल' आले. आज हा शब्द आपल्या कानाला खटकतो. पण आपल्या माणसांच्या खुणा या इमारतीत का सापडतात, याचे उत्तरही त्याच शब्दात आहे. १९२० मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडले आणि १९३६ पासून ते लँबेथ रोडवर, पूर्वी मनोरुग्णालय असलेल्या वास्तूत आहे. डक्सफर्डचा विमानतळ, थेम्स नदीवरील एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका, चर्चिलच्या भूमिगत युद्धखोल्या आणि मँचेस्टरजवळची शाखा धरून त्याची एकूण पाच ठिकाणे आहेत, आणि पाचही ठिकाणांचे संकेतस्थळ एकच आहे: आयडब्ल्यूएम डॉट ओआरजी डॉट यूके.

संकेतस्थळाची मांडणी अधूनमधून बदलते. पण त्याचे तीन कप्पे आहेत हे लक्षात ठेवले की वाट चुकत नाही. पहिल्या कप्प्यात तिकिटे, वेळा, चालू प्रदर्शने असतात. घरबसल्या पाहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दुसऱ्यात अभ्यासकांनी लिहिलेली कथापाने आणि ऑनलाइन प्रदर्शने आहेत. तिसरा कप्पा म्हणजे संग्रहाची सूची, आणि आपले खरे काम तिच्यात आहे. तिच्यात छायाचित्रे, चित्रपट, ध्वनिमुद्रणे, चित्रे, भित्तिपत्रके, पत्रे, गणवेश, शस्त्रे असे सर्व काही एकाच शोधातून सापडते. संग्रहालयाकडील छायाचित्रेच एक कोटीहून अधिक आहेत. त्यांपैकी बरीच अजून पडद्यावर आलेली नाहीत, त्यामुळे एखादी गोष्ट संकेतस्थळावर नाही म्हणून ती संग्रहातच नाही, असे समजू नये.

पहिली पायरी: संगणकाआधी पदक

शोधाची सुरुवात घरातून करावी. पदक असेल तर ते भिंगाखाली धरून त्याची कड पाहावी. चेहऱ्याची किंवा घोड्याची बाजू पाहून काही कळत नाही, कारण ती सर्वांच्या पदकांवर सारखीच असते. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत उठवलेली असते. अक्षरे झिजली असतील, तर खिडकीशी उभे राहून तिरप्या उजेडात पदक सावकाश फिरवावे. समोरून न दिसणारे अक्षर कडेने पडलेल्या सावलीत वाचता येते. वॉर मेडल चांदीचे नसून काशाचे असेल, तर ते घेणारा माणूस बहुधा मजूर तुकडीत किंवा सैन्याबरोबरच्या कामगारांत होता, असे धरून चालावे. त्याचा शोध पायदळाच्या पलटणीत घेतला तर वेळ वाया जाईल. पदकावर चिंध्या, चिंच किंवा पावडर मुळीच चालवू नये; एका दिवाळीच्या साफसफाईत कडेवरचे नाव कायमचे पुसले जाते.

शिपायाचा नंबर टिपताना तो त्या पलटणीपुरताच असतो, हेही ध्यानात ठेवावे. तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा असतो. म्हणून नंबर आणि पलटण ही जोडी वहीत एकाच ओळीवर लिहावी.

पदक नसेल, तर पेन्शनचा कागद, डिस्चार्जचे पुस्तक, बक्षीस जमिनीचा सातबाऱ्यावरील उल्लेख, गणवेशातील फोटोवर खांद्याशी असलेला धातूचा बिल्ला, यांतील जे असेल ते घ्यावे. यांतले काहीच नसले, तरी 'बसरा', 'इजिप्त', 'फ्रान्स', 'इटली' यांपैकी घरात कोणता शब्द ऐकू येत असे, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारावे. तेवढ्यानेही पुष्कळ वाट मोकळी होते.

दुसरी पायरी: त्या काळचे शब्द

सूचीत आज वापरात असलेल्या स्पेलिंगने 'मराठा' शोधले तर फार थोडे हाती लागते, कारण १९४७ पूर्वीच्या लष्करी कागदांत हा शब्द एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए असा लिहीत. हे एक स्पेलिंग कळले की दार उघडते. पुणे तेथे पी, डबल ओ, एन, ए असे आहे आणि खडकी के, आय, आर, के, डबल ई अशी. शिपायाला 'सेपॉय', मेसोपोटेमियाला, म्हणजे बसरा ज्यात आहे त्या आजच्या इराकला, कधी पूर्ण नावाने तर कधी 'मेस्पॉट' म्हटले आहे. 'इराक' हा शब्द महायुद्धाच्या काळच्या मथळ्यांत सहसा येत नाही. नाशिक, अहमदनगर, बेळगाव हीदेखील जुन्या इंग्रजी रूपांत शोधावीत.

यापेक्षा घोटाळ्याचा भाग पलटणींच्या क्रमांकांचा आहे, आणि तो एकदा शांतपणे समजून घेतला पाहिजे. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांनी ओळखल्या जात. १९२२ च्या पुनर्रचनेत या सहा पलटणी मिळून '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही एक रेजिमेंट झाली: १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांत '३/५' असा अपूर्णांक दिसला, तर तो 'पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन' असा वाचावा आणि तिचे पूर्वरूप म्हणजे मेसोपोटेमियातील कूट या गावाच्या वेढ्यात (त्याविषयी पुढे येईल) अडकलेली ११० वी पलटण, हे ओळखावे. एकाच घरातील आजोबा ११० मध्ये आणि नातू ३/५ मध्ये असला, तर दोघेही एकाच पलटणीचे.

मराठी माणूस फक्त मराठा पलटणीतच होता, असेही नाही. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट पुन्हा १९४१ मध्ये उभी राहिली. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलात, खेचरांच्या तुकड्यांत, मजूर तुकड्यांत आणि मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांवर आपली माणसे होती. या माणसांचा शोध अधिक चिकाटी मागतो, कारण छायाचित्रांच्या मथळ्यांत त्यांना अनेकदा केवळ 'इंडियन' म्हटले आहे.

तिसरी पायरी: सूचीतला प्रत्यक्ष शोध

संग्रहाच्या पानावर जाऊन शोधाच्या चौकटीत एम-ए-एच-आर असे सुरू होणारे ते जुने स्पेलिंग घालावे. आलेल्या यादीत शस्त्रे, बिल्ले, पुस्तके, फोटो सगळे मिसळलेले असते. त्याला घाबरू नये. बाजूला गाळण्या असतात. त्यांतून प्रकार म्हणून 'छायाचित्रे' आणि काळ म्हणून 'पहिले महायुद्ध' निवडावे. केवळ पडद्यावर पाहता येतील अशाच नोंदी दाखवण्याची सोय असते, ती मात्र पहिल्या फेरीत वापरू नये. चित्र नसलेल्या नोंदीचा मजकूरही अनेकदा मोलाचा असतो, आणि ती गाळणी लावली की असा मजकूर कायमचा नजरेआड राहतो.

मग शब्दांच्या जोड्या करून पाहाव्यात: 'मराठा' आणि 'मेसोपोटेमिया'; 'इंडियन' आणि 'बसरा'; 'इंडियन' आणि 'टायग्रिस'; 'पूना' आणि 'डिव्हिजन'. या शेवटच्या जोडीचे कारण असे, की मेसोपोटेमियात प्रथम उतरलेली सहावी डिव्हिजन पूना डिव्हिजन म्हणून ओळखली जाई आणि १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे ती अडली, मागे फिरली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूट-अल-अमारा या टायग्रिसच्या वळणावरील गावात वेढली गेली. सोडवणुकीसाठी आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० सैनिक मृत व जखमी झाले, तरी वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. 'बसऱ्याला गेले होते' या घरगुती वाक्याच्या मागे पुष्कळदा हा इतिहास उभा असतो.

प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो आणि त्याच्या सुरुवातीची इंग्रजी अक्षरे अर्थपूर्ण असतात. ती ओळखता आली की शोध दहापट वेगाने होतो. 'क्यू' हे मुख्यतः पहिल्या महायुद्धाच्या छायाचित्रांचे अक्षर. दुसऱ्या महायुद्धात 'ई' म्हणजे मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका, 'एनए' मध्ये पुढे इटलीची मोहीम येते, 'आयएनडी' म्हणजे भारत व ब्रह्मदेश, 'एसई' म्हणजे आग्नेय आशिया. 'आयबी' मध्ये सेसिल बीटन या छायाचित्रकाराने १९४४ मध्ये ब्रिटिश माहिती खात्यासाठी भारतात टिपलेली छायाचित्रे आहेत. सरकारी छायाचित्रकारांऐवजी खासगी व्यक्तींकडून किंवा इतर वाटांनी आलेले फोटो बहुधा 'एचयू' खाली मिळतात. ज्याचे आजोबा इटलीत होते त्याने 'एनए' मध्ये पाहावे, ज्याचे पणजोबा मेसोपोटेमियात होते त्याने 'क्यू' मध्ये.

येथे एक युक्ती सांगतो, कारण तिने मला सर्वांत जास्त दिले आहे. सरकारी छायाचित्रकार एका दिवशी एका ठिकाणी अनेक फोटो काढी आणि ते बहुतेक सलग क्रमांकांनी नोंदले जात. एखाद्या फोटोत आपली पलटण सापडली, की त्याच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा क्रमांक एकेक करून शोधावेत. त्यांच्या मथळ्यांत पलटणीचे नाव नसते, म्हणून ते शब्दशोधात कधीच आले नसते. पण तीच छावणी, तोच नदीकाठ, कधीकधी तेच चेहरे तेथे दिसतात. मेसोपोटेमियात १९१७-१८ मध्ये काम केलेला एरियल व्हार्जेस याच्या छायाचित्रांत अशी साखळी धरून चालणे विशेष फलदायी ठरते. छायाचित्रकाराच्या नावावर टिचकी मारून त्याच्या सर्व नोंदी पाहण्याचा मार्गही आहे.

चौथी पायरी: एक नोंद नीट वाचणे

यादी पुढे सरकवत राहण्यापेक्षा एका नोंदीवर अर्धा तास थांबणे बरे. नोंदीत शीर्षक, वर्णन, क्रमांक, निर्माता, तारीख आणि संबंधित स्थळे-व्यक्ती-तुकड्या असे भाग असतात. वर्णनाचा काही मजकूर छायाचित्र निघाले त्या काळचा, लष्कराच्या प्रसिद्धी खात्याने वृत्तपत्रांसाठी लिहिलेला असतो. काही मजकूर पुढे संग्रहालयाच्या अभ्यासकांनी घातलेला असतो. हे दोन आवाज वेगळे करून वाचावे लागतात. 'आनंदी भारतीय जवान' असा मथळा असेल, तर आनंद हा प्रसिद्धी खात्याचा शब्द आहे. जवानाच्या चेहऱ्यावर काय आहे ते स्वतः पाहावे.

संग्रहालय स्वतः याविषयी किती प्रामाणिक आहे, त्याचे चांगले उदाहरण 'द बॅटल ऑफ द सॉम' या १९१६ च्या माहितीपटाचे आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटे विकली गेलेला हा चित्रपट संग्रहालयाकडे आहे आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला. खंदकातून सैनिक वर चढतात आणि त्यांतला एक मागे कोसळतो, हे त्यातील सर्वांत गाजलेले दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी मुद्दाम उभे केलेले होते, असे अभ्यासकांचे मत आहे. खंदक उथळ आहे, चढणाऱ्यांच्या पाठीवर लढाईत असते तेवढे ओझे नाही. कॅमेरा अशा उघड्या जागी आहे, जिथे खऱ्या हल्ल्यात उभे राहणे शक्य नव्हते. ज्या संस्थेकडे चित्रपट आहे, तीच त्यातील बनाव दाखवून देते, म्हणून तिच्या इतर नोंदींवरही विश्वास ठेवावासा वाटतो. फोटो पाहताना हेच प्रश्न आपणही विचारावेत: कॅमेरा कुठे होता, माणसे कॅमेऱ्याकडे का पाहत आहेत, चौकटीच्या कडेला कोण अर्धे कापले गेले आहे.

कूटच्या वेढ्यातून वाचलेल्या एका भारतीय शिपायाचे छायाचित्र या संग्रहात आहे. अंगावर मांस उरलेले नाही, बरगड्या एकेक मोजता येतात. वर्णनात तो भारतीय सैन्यातील, वेढ्यातून वाचलेला आणि खंगलेला आहे, एवढेच सांगितले आहे. त्याला नाव नाही. हे चित्र मोठे करून पाहावे, घाईने पुढे जाऊ नये. आपण ज्यांना शोधत आहोत, त्यांच्या वाट्याला आलेले हाल याहून स्पष्ट कोणत्याही लेखात सापडत नाहीत.

आवाज, चलचित्रे, चित्रे, कागद

छायाचित्रांनंतर ध्वनिमुद्रणांकडे वळावे. संग्रहालयाने १९७० च्या दशकापासून सैनिकांच्या आणि नागरिकांच्या दीर्घ मुलाखती नोंदवल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळ संकेतस्थळावर ऐकता येतात. मुलाखत सुमारे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रिळांत विभागलेली असते आणि कोणत्या रिळात काय आहे, याचा सारांश नोंदीत दिलेला असतो. म्हणून सगळे ऐकत बसण्याऐवजी सारांशात 'इंडियन', 'मराठा', 'बेळगाव', 'पूना' हे शब्द पाहून नेमके रीळ लावावे. बोलणारे बहुतेक ब्रिटिश अधिकारी आहेत. आपला शिपाई तेथे दुसऱ्याच्या आठवणीतून येतो. ही मर्यादा मान्य करूनही, रेशनमध्ये काय मिळे, शिपाई सुट्टीत कुठे जात, अधिकाऱ्याला मराठी किंवा उर्दू कितपत येत असे, असल्या गोष्टी याच आवाजांतून कळतात.

चलचित्रांत दुसऱ्या महायुद्धातील 'इंडियन न्यूज परेड' ही वार्तापटांची मालिका पाहण्याजोगी आहे. चित्रांच्या विभागात अँथनी ग्रॉस या युद्ध-चित्रकाराने ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर १९४३ मध्ये केलेले काम आहे, तसेच सिडनी आणि रिचर्ड कार्लाइन या भावांची पहिल्या महायुद्धानंतर लगेच केलेली, विमानातून दिसणाऱ्या मध्यपूर्वेची चित्रे आहेत. मेसोपोटेमियाचे ते सपाट, ओसाड रान वरून पाहिले की त्या उन्हात चाललेली पायपीट डोळ्यांपुढे उभी राहते. चित्रांच्या क्रमांकात 'आर्ट' हा शब्द असतो, भित्तिपत्रकांच्या क्रमांकात 'पीएसटी' आणि खासगी पत्रांच्या क्रमांकात 'डॉक्युमेंट्स'. पत्रे बहुधा संकेतस्थळावर वाचता येत नाहीत, त्यांचे वर्णन तेवढे मिळते. पण वर्णनावरून ती पाहण्याजोगी आहेत की नाही, हे ठरवता येते.

ऑनलाइन प्रदर्शने कशी पाहावीत

कथापाने आणि ऑनलाइन प्रदर्शने सुंदर असतात, आणि त्यामुळेच ती शेवटी पाहावीत असे माझे मत आहे. अभ्यासकाने निवडलेल्या पंधरा-वीस वस्तूंनी सांगितलेली गोष्ट आधी पाहिली, की नजर त्याच पंधरा वस्तूंवर अडकते. सूचीत स्वतः भटकून आल्यावर मात्र प्रदर्शनात काय घेतले आणि काय वगळले, हे दिसू लागते. प्रत्येक चित्राखाली क्रमांक असतो. तो टिपून पुन्हा सूचीत जावे आणि त्याच्या शेजारचे क्रमांक पाहावेत. गूगल आर्ट्स अँड कल्चर या मंचावरही अनेक युद्ध-संग्रहालयांनी वस्तू मांडल्या आहेत. तेथे चित्र खूप मोठे करता येते, त्यामुळे गणवेशावरील बिल्ला किंवा फेट्याची बांधणी पाहायला तो मंच सोयीचा आहे; नोंदीचा मूळ तपशील मात्र संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावा.

इंग्रजी अडत असेल तर ब्राउझरमधील भाषांतराची सोय वापरावी, पण लष्करी शब्दांत ती फसते. 'कंपनी' म्हणजे व्यापारी कंपनी नव्हे, 'प्रायव्हेट' म्हणजे खासगी नव्हे, 'फॉलोअर' म्हणजे अनुयायी नव्हे तर सैन्याबरोबरचा स्वयंपाकी, भिश्ती, खेचरवाला.

पाचवी पायरी: नाव शोधण्याची जागा

येथवर आपण पलटण शोधली. माणूस कामी आला असेल, तर त्याचे नाव शोधण्याची जागा दुसरी आहे: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे संकेतस्थळ. ही संस्था मे १९१७ मध्ये स्थापन झाली आणि दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांच्या कबरी व स्मारके सांभाळते. तेथील शोधात सैन्य म्हणून 'इंडियन' निवडावे आणि पलटणीच्या रकान्यात जुने स्पेलिंग घालावे. नावाच्या रकान्यात संपूर्ण नाव घालू नये. नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झालेली असते, आडनाव मुळीच नसते, किंवा वडिलांचे नाव आडनावाच्या जागी असते. एकच नाव, निरनिराळ्या स्पेलिंगने, असे करून पाहावे. यशवंत हे नाव तेथे 'येशवंत' असे भासेल अशा स्पेलिंगने येते. सरावासाठी नाईक यशवंत घाडगे यांची नोंद शोधावी: ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर खोऱ्यात हौतात्म्य, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, आणि नाव कॅसिनो स्मारकावर. ही नोंद स्वतः शोधून काढली की बाकीचे जमते.

अधिक माहितीच्या रकान्यात वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असे पुष्कळदा दिलेले असते, आणि तेथे जिल्ह्याच्या नावानेही शोधता येते. मात्र नकाशा जुना धरावा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, सांगलीकडील काही तालुके साताऱ्यात होते, आणि सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थाने होती. गावाचे नाव ऐकून इंग्रजीत लिहिलेले असल्याने ते मोठ्याने उच्चारून पाहावे. कागदावर अनोळखी वाटणारे गाव कानाला लगेच ओळखू येते.

मेसोपोटेमियात पडलेल्यांची नावे बहुधा बसरा स्मारकाखाली येतात. त्या स्मारकावर ४०,००० हून अधिक जणांची स्मृती आहे. पण दगडावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची कोरली गेली, आणि साध्या भारतीय शिपायांचा केवळ पलटणीनिहाय आकडा लिहिला गेला. गावच्या पाटीवर जे झाले तेच तेथेही झाले. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्या विशेष समितीने स्मृती जपण्यातील असा भेदभाव अहवालात मान्य केला. दगडावर नसलेली ही नावे नोंदवह्यांत होती आणि आज ती संकेतस्थळाच्या शोधात सापडतात. पणजोबांचे नाव जगात कोठेतरी छापील स्वरूपात पाहण्याची अनेक कुटुंबांची ही पहिलीच वेळ असते. पुण्याजवळच्या ज्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहायचे असेल, त्यांना खडकीची युद्ध-दफनभूमी आणि तेथील स्मारक उपलब्ध आहे. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशी-गृहात पहिल्या महायुद्धातील खलाशांचे स्मारक आहे.

लंडनच्याच चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियमचे संकेतस्थळही एकदा पाहावे, कारण १९४७ पर्यंतचे भारतीय सैन्य हा त्याच्या संग्रहाचा मोठा भाग आहे. तेथे एकाच गोष्टीची खबरदारी घ्यावी: वस्तूच्या क्रमांकातील पहिले चार आकडे वर्षासारखे दिसतात आणि ते वर्षच असते, पण ते वस्तू संग्रहालयात दाखल झाल्याचे. १९७१ ने सुरू होणारी वस्तू १८०३ च्या असईच्या लढाईतीलही असू शकते.

जपणूक आणि वापर

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी वहीत चार बाबी लिहाव्यात: संस्थेचे नाव, नोंद क्रमांक, वर्णन जसेच्या तसे, आणि पाहिल्याची तारीख. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो. क्रमांक बदलत नाही. एखादे पान नाहीसे झाले, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता घालून पाहावा.

इम्पीरियल वॉर म्युझियमची अनेक छायाचित्रे अव्यावसायिक परवान्याखाली मोफत वापरता येतात. कुटुंबाच्या पुस्तिकेसाठी, शाळेतील तक्त्यासाठी ती घ्यावीत, मात्र प्रत्येक नोंदीखालची अट वाचावी आणि चित्राखाली संग्रहालयाचे नाव व क्रमांक लिहावा. विकायच्या पुस्तकात छापायचे असेल तर आधी परवानगी आणि शुल्काची चौकशी करावी. क्रमांक खोडून व्हॉट्सअॅपवर फिरवलेला फोटो दोन वर्षांत कुणाचाही पणजोबा होतो. असे कित्येक फोटो मी पाहिले आहेत आणि त्यांचा मूळ क्रमांक पुन्हा शोधताना तासन्‌तास गेले आहेत.

शेवटी संग्रहालयाला लिहावे. चौकशीचा अर्ज संकेतस्थळावरच असतो. 'माझे पणजोबा महायुद्धात होते, माहिती पाठवा' असे लिहिले तर उत्तर साचेबंद येते. त्याऐवजी पलटण, शिपाई-नंबर, आपण पाहिलेल्या नोंदींचे क्रमांक आणि एकच नेमका प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ, अमुक क्रमांकाच्या फोटोच्या मूळ मथळ्यात तुकडीचे नाव आहे का. नोंदीत चूक आढळली, पलटण चुकली असेल किंवा मराठी नाव वाकडेतिकडे लिहिले गेले असेल, तर पुराव्यासह कळवावे. पदकाच्या कडेचा स्वच्छ फोटो, पेन्शनच्या कागदाची प्रत आणि गावाच्या नावाचे मराठी व इंग्रजी रूप एवढे जोडले, की पलीकडच्या माणसाला काम करता येते.

आणि गावच्या त्या पाटीचाही एक फोटो काढून ठेवावा: समोरून, सपाट उजेडात, आकडे वाचता येतील असा, मागे गावाचे, तालुक्याचे नाव आणि तारीख लिहून. संकेतस्थळावर सापडलेली आपल्या गावची नावे त्याच वहीत, त्या फोटोच्या पुढच्या पानावर एकाखाली एक लिहीत जावे.